शाळेला आधी निधी की आधी दर्जा? जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये मांडलेला हिशेब

जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांना धड वाचता येत नसेल, तर त्या शाळांवर आणखी पैसा कशाला घालायचा, असे एक बाजू म्हणते. वर्ग चार आणि शिक्षक दोन असतील तर दर्जा येणार कुठून, असे दुसरी बाजू विचारते. परभणी जिल्ह्यातील येलदरीसारख्या गावात हा वाद नुसता चर्चेचा नसतो. मुलाला गावातल्या शाळेत ठेवायचे की पैसे भरून जिंतूरला पाठवायचे, हे त्यावर ठरते.

हा वाद बराच जुना आहे. १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला लेखी निवेदन दिले. त्यात शाळांचा पैसा आणि शाळांचा दर्जा हे दोन्ही प्रश्न एकत्र मांडले होते. हे निवेदन ज्या आयुष्यातून आले, ते समजून घेऊ.

शाळा सुटलेला मुलगा

जोतीरावांचा जन्म १८२७ मध्ये झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय करू लागल्यावर ते फुले झाले. आई चिमणाबाई लवकर वारल्या. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले, पण माळ्याच्या मुलाला शिकून काय करायचे, या भोवतालच्या बोलण्यामुळे नाव काढून घेतले. जोतीराव मळ्यात काम करू लागले.

शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ मध्ये त्यांचे इंग्रजी शिक्षण पूर्ण झाले. एका मुलाची शाळा किती सहज सुटते आणि ती पुन्हा सुरू व्हायला कोणाकोणाचे शब्द खर्ची पडतात, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

शाळा काढली, पैसा कुठून आणला?

१८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंना त्यांनी घरी शिकवले होते. त्या शिक्षिका झाल्या. लोकांचा रोष इतका वाढला की १८४९ मध्ये दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. पुढे मुलींच्या आणखी शाळा आणि महार-मांग समाजातील मुलांसाठीही शाळा निघाल्या.

या शाळा देणग्यांवर आणि काही प्रमाणात सरकारी मदतीवर चालत. पैसा कमी पडला की शाळेवर संकट येई. दुसऱ्या बाजूला, या शाळांतील मुलींच्या जाहीर परीक्षा होत. मुली काय शिकल्या, हे लोकांसमोर तपासले जाई. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. सुमारे नऊ-दहा वर्षे काम केल्यावर ते या शाळांच्या कारभारातून बाजूला झाले. एका मिशनरी शाळेतही त्यांनी काही वर्षे शिकवले.

कंत्राटदार आणि नगरपालिकेचे सदस्य

जोतीरावांचा उदरनिर्वाह शाळेवर नव्हता. ते शेती आणि व्यापार करत, बांधकामाची कंत्राटे घेत. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले. सरकारी कामात पैसा कुठे मुरतो आणि मजुरापर्यंत किती पोहोचतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. मंजूर रक्कम आणि प्रत्यक्षात उभे राहिलेले काम यांतला फरक त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी गुलामगिरी हे पुस्तक आले. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागताच्या रोषणाईवर नगरपालिकेने पैसा उधळू नये, तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी भूमिका त्यांनी घेतली. पुढे पुण्यात मोठी मंडई बांधण्याचे ठरले, तेव्हाही त्या खर्चाला त्यांचा विरोध होता. आज त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव आहे.

आयोगापुढे काय मांडले?

सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली १८८२ मध्ये शिक्षण आयोग नेमला गेला. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन दिले. आपली ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिका सदस्य अशी करून दिली. मुख्य मुद्दे असे होते:

• पैसा कोणाचा, खर्च कोणावर? सरकारचा बहुतांश महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो, खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, ही समजूत त्यांनी फेटाळली.

• लोकल फंड. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा उपकर घेतला जाई आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे जाई. हा वाटा निम्मा करावा आणि तो फक्त प्राथमिक शिक्षणासाठी ठेवावा. शिवाय इलाखा किंवा साम्राज्य सरकारच्या तिजोरीतून पुरेसे अनुदान द्यावे.

• शिक्षक. गावच्या शिक्षकाचा पगार क्वचितच १० रुपयांच्या वर जाई. तो किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावा. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील.

• तपासणी. अधिकाऱ्याने वर्षातून एकदा येऊन काही उपयोग नाही. दर तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी, शिवाय अधूनमधून न कळवता भेट द्यावी. ज्यांची जास्त मुले पास होतील, त्या शिक्षकांना पगाराशिवाय भत्ता द्यावा.

• अभ्यासक्रम. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शेती शिकवायला छोटी नमुना शेती असावी.

• सक्ती. किमान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे.

मग आधी काय, निधी की दर्जा?

निवेदनात या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे नाहीत. १० रुपयांत चांगला शिक्षक मिळणार नाही, म्हणून पगारवाढ. पगार वाढला म्हणजे शिकवणे सुधारेलच असे नाही, म्हणून अचानक तपासणी. निकाल चांगला आला तर जास्तीचा भत्ता, पण तो मूळ पगार सोडून. निकाल वाईट आहे म्हणून शाळेचे पैसे तोडावेत, असे ते सुचवत नाहीत. कमी शिकलेल्या गावाला कमी पैसा दिला तर ते गाव आणखी मागे पडेल, हा त्यांच्या मांडणीतून निघणारा सरळ अर्थ आहे.

आणखी एक बारकावा महत्त्वाचा. शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, पण कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, शिक्षण खात्याची देखरेख राहावी, असे त्यांनी सांगितले. नगरपालिकेत बसलेल्या माणसाने हे लिहिले, हे विशेष.

पुढे काय झाले?

हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवण्याची आणि सरकारने त्यांना पूरक अनुदान देण्याची शिफारस केली. सक्ती मात्र झाली नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेही नामंजूर झाले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला.

जोतीराव अखेरपर्यंत हाच मुद्दा मांडत राहिले. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी झालेल्या समारंभात ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि रयतेच्या मुलांच्या शिक्षणाची मागणी केली. त्याच वर्षी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. नंतर त्यांना पक्षाघात झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

येलदरीशी याचा संबंध काय?

जोतीरावांनी निवेदन दिले तेव्हा परभणीचा भाग निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यातील लोकल फंडाचा नियम इथे लागू नव्हता. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याच दशकात पूर्णा नदीवरचे येलदरी धरण पूर्ण झाले.

त्यांच्या मागण्यांपैकी सक्तीची मागणी शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयासाठी, पूर्ण केली. शिक्षणासाठी वेगळा उपकर २००४ मध्ये केंद्राने लावला. शिक्षकाचा पगार आज सरकारी तिजोरीतून येतो.

निधीचे गणित मात्र पटावर आहे. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत विद्यार्थी असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती त्यातूनच करायची. पट घटला की अनुदान आणि शिक्षकांची पदे दोन्ही कमी होतात. शिक्षक कमी झाले की पालक मुलांना बाहेर पाठवतात आणि पट आणखी घटतो. ज्या पालकांकडे बाहेर पाठवायला पैसे नाहीत, त्यांची मुले मागे उरतात. जोतीरावांचे निवेदन याच मुलांसाठी होते.

त्यांचा हिशेब आज गावाच्या पातळीवर तीन प्रश्नांत मांडता येतो. शाळेला या वर्षी किती पैसे आले? न कळवता तपासणीला कोण आणि कितीदा आले? आणि तिसरीतल्या मुलाला वाचता येते का? शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची संख्या कायद्यानेच जास्त ठेवली आहे. त्यामुळे हे तिन्ही प्रश्न समितीच्या एकाच बैठकीत विचारता येतात, आणि तिन्हींची उत्तरे एकत्र मागता येतात.