आधी काय, मग काय? : अ‍ॅडा लव्हलेस

अ‍ॅडा लव्हलेस हे नाव आपल्याला पहिल्याच वर्षी भेटतं. पहिली प्रोग्रॅमर, एक मार्क, विषय संपला! पण या बाईंनी नेमकं लिहिलं काय, ते मी मुद्दाम वाचून काढलं. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी जरा सांभाळून घ्या.

अ‍ॅडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ चा, लंडनचा. वडील प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. ती जेमतेम महिन्याची असताना आई तिला घेऊन माहेरी गेली. त्याच वर्षी बायरननी इंग्लंड कायमचं सोडलं, आणि १८२४ मध्ये ते ग्रीसमध्ये वारले. बापलेकीची पुन्हा भेट झालीच नाही. मुलगी वडिलांच्या वळणावर जाऊ नये म्हणून आईनं तिला लहानपणापासूनच गणिताला जुंपलं. १८२९ मध्ये गोवरानं तिला अंथरुणाला खिळवलं, पुढे बराच काळ कुबड्या घ्याव्या लागल्या, पण अभ्यास सुटला नाही. मुलींना तेव्हा युनिव्हर्सिटी बंद, म्हणून शिक्षण सगळं घरीच. १८४० पासून तिला पत्रानं गणित शिकवलं डी मॉर्गन यांनी. हो, आपल्या थिअरमवालेच, आणि जन्मानं चक्क मदुराईचे!

१८३३ मध्ये, सतराव्या वर्षी, तिची चार्ल्स बॅबेजशी ओळख झाली. १८३५ मध्ये लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली, तरी गणित चालूच. बॅबेजनी तोवर पंचकार्डांवर चालणाऱ्या अ‍ॅनालिटिकल इंजिनाचा आराखडा केला होता. त्यावर मेनाब्रिया या इटालियन इंजिनिअरनं १८४२ मध्ये फ्रेंचमध्ये लेख लिहिला. अ‍ॅडानं १८४३ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट टिपा जोडल्या.

शेवटच्या टिपेत बर्नूली नंबर काढायचा २५ क्रियांचा तक्ता आहे. प्रत्येक क्रियेला नंबर, ती कोणत्या व्हेरिएबलवर करायची, उत्तर कुठे ठेवायचं, सगळं लिहिलेलं. शिवाय व्हेरिएबलच्या डोक्यावर एक छोटा आकडा, त्याची किंमत कितव्यांदा बदलली ते सांगणारा. उदाहरणार्थ, चौथ्या आणि पाचव्या व्हेरिएबलमध्ये आधी २n असतं. दुसऱ्या क्रियेनंतर चौथ्यात २n-१ होतं, तिसरीनंतर पाचव्यात २n+१. भागाकार चौथा. तोच आधी केला तर उत्तर येईल नुसतं १! गंमत म्हणजे छापील तक्त्यात नेमक्या याच भागाकारात वरचं खाली आणि खालचं वर झालंय. मशीन कधी बनलंच नाही, मग चूक पकडणार कोण?

ही भानगड १८४३ चीच नाही. प्रोजेक्टसाठी मेव्हन वापरणाऱ्यांनी बघा. एकाच फेजला दोन प्लगइन लावले, तर आजचं मेव्हन पॉम फाइलमध्ये जे आधी लिहिलंय ते आधी चालवतं. प्रॉपर्टीचं तर आणखी वेगळं. पॉममध्येच दिलेली किंमत फाइल वाचतानाच भरली जाते, एकही प्लगइन चालायच्या आधी. नंतर एखाद्या प्लगइननं ती बदलली तरी पुढच्याच्या हातात जुनीच. म्हणून टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायरमध्ये आर्गलाइनसाठी डॉलरऐवजी अ‍ॅट द रेट लिहायची सोय आहे, म्हणजे त्याची पाळी आल्यावर किंमत बघितली जाते. अ‍ॅडाच्या त्या छोट्या आकड्याचाही प्रश्न हाच होता : किंमत कोणती, आणि कोणत्या क्षणाची?

पहिली कोण, यावर आजही वाद आहे, कारण बॅबेजनी आधीच काही प्रोग्रॅम लिहून ठेवले होते. बर्नूलीचं बीजगणितही त्यांनीच करून दिलं होतं. पण त्यातली मोठी चूक अ‍ॅडानं पकडली, हे त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात मोकळेपणानं मान्य केलंय.

शेवटची वर्षं वाईट गेली. घोड्यांच्या शर्यतींपायी कर्ज झालं, मग कॅन्सर. २७ नोव्हेंबर १८५२ ला ती गेली, वडिलांसारखीच छत्तिसाव्या वर्षी. तिच्याच इच्छेनुसार तिला हकनॉलच्या चर्चमध्ये, कधी न भेटलेल्या त्या वडिलांशेजारी पुरलं. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं आपल्या भाषेला अ‍ॅडा नाव दिलं, आणि तिच्या स्टँडर्डचा नंबर ठेवला १८१५.

तिच्याकडे रन करून बघायला काहीच नव्हतं, म्हणून तिनं प्रत्येक पायरी कागदावर मांडली. आपल्याकडे मशीन आहे, म्हणून आपण कागद घेत नाही. रात्री दोनला बिल्ड अडला, तर एकदा घेऊन बघा.