डार्सीची वाळू

सिव्हिलच्या पोरांना हेन्री डार्सी म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायचा क्यू इज इक्वल टू के आय ए! मलाही तेवढाच माहीत होता. फॉर्म्युल्यामागचा माणूस नंतर वाचला आणि जाम आवडला.

१८०३ साली फ्रान्समधल्या दिजाँ शहरात त्याचा जन्म झाला. १४ व्या वर्षी वडील गेले, पण आईने शिक्षण थांबू दिलं नाही. पॅरिसला इंजिनिअर होऊन तो दिजाँलाच परतला. गावात प्यायला धड पाणी नव्हतं. डार्सीने रोझ्वारच्या झऱ्याचं पाणी १२.७ किलोमीटरच्या बंदिस्त पाटातून, निव्वळ उतारावर, १८४० मध्ये गावात आणलं. त्याचं मानधन त्याने नाकारलं. घेतलं ते फक्त सुवर्णपदक आणि आयुष्यभर फुकट पाणी. (कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवसांत हे वाचायला जरा जडच जातं.)

१८४८ च्या राजकीय उलथापालथीत त्याला दिजाँ सोडावं लागलं. पुढे तब्येत ढासळली, तेव्हा नोकरीतून मोकळं होऊन तो संशोधनाला लागला. १८५५-५६ मध्ये दिजाँच्या हॉस्पिटलच्या आवारात ३५ सेंटिमीटर व्यासाच्या उभ्या नळात वाळू भरून त्याने पाणी सोडलं. प्रश्न साधा होता: फिल्टरच्या वाळूतून पाणी किती जाईल? उत्तर १८५६ च्या जाडजूड पुस्तकाच्या परिशिष्टात छापलं गेलं. जानेवारी १८५८ मध्ये तो वारला, अवघ्या ५४ व्या वर्षी.

पाण्यातली घाण कुठे पोचेल, हे त्याने विचारलंच नव्हतं. ते आज आपण त्याच्या नियमावर उभ्या केलेल्या सॉफ्टवेअरला विचारतो. नियम देतो तो सगळ्या छेदावरचा सरासरी प्रवाह. पाणी मात्र फक्त पोकळ्यांतून जातं, म्हणून खरा वेग जास्त. शिवाय काही पाणी पुढे पळतं, काही रेंगाळतं, आणि घाण पसरत जाते. हे पसरणं मोजणारा आकडा लॅबमध्ये काढला तर शेतावर चालत नाही. अंतर वाढलं की तोही वाढतो. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात तर पाणी भेगांतून धावतं. विहीरवाल्याला सरासरीशी काय देणंघेणं? घाण आपल्या विहिरीत पहिल्यांदा कधी येणार, हे त्याला हवं असतं.

मिनी प्रोजेक्टला आम्ही अख्ख्या खडकाला के ची एकच किंमत दिली. स्क्रीनवर सुंदर लंबगोल रंगला, आम्ही खूश. सरांनी विचारलं, यात भेग कुठे आहे? आम्ही सगळे गप्प.