झोपेचा पत्ता शोधणारे डॉक्टर : कॉन्स्टंटिन फॉन इकॉनोमो

शिक्षक मित्रांनो व पालकांनो, आज एका अशा डॉक्टरांची ओळख करून घेऊया, ज्यांचं नाव मेंदूच्या डॉक्टरांना चांगलंच ठाऊक असतं, पण आपल्याकडे शाळेत फारसं कानावर येत नाही.

कॉन्स्टंटिन फॉन इकॉनोमो यांचा जन्म २१ ऑगस्ट १८७६ रोजी रुमानियातील ब्राईला या गावी झाला. आईवडील ग्रीक, घर श्रीमंत व्यापाऱ्याचं. बालपण त्रिएस्त या बंदराच्या शहरात गेलं. वडिलांची इच्छा मुलाने इंजिनियर व्हावं, म्हणून व्हिएन्नात दोन वर्षं ते शिकलेही. पण मन रमेना. शेवटी वैद्यकशास्त्राकडे वळले आणि १९०१ मध्ये डॉक्टर झाले. (पालकांनी इथे जरा थांबून वाचावं!)

दुसरं वेड विमानाचं. ऑस्ट्रियातल्या अगदी सुरुवातीच्या वैमानिकांपैकी ते एक. पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून गेले, पण १९१६ मध्ये भाऊ युद्धात मारला गेला आणि आईवडिलांच्या आग्रहामुळे ते व्हिएन्नाच्या दवाखान्यात परतले.

त्याच हिवाळ्यात विचित्र रोगी येऊ लागले. जेवता जेवता, घास तोंडात असतानाच झोपणारे. हलवून उठवलं की नीट बोलायचे, आपण कुठे आहोत हे त्यांना कळायचं, आणि लगेच पुन्हा डोळे मिटायचे. काहींचं उलटं, झोपच येत नसे. इतर डॉक्टर प्रत्येक रोग्याला वेगळ्याच आजाराचं नाव देत होते. इकॉनोमोंनी मात्र ओळखलं, हा सगळा एकच आजार आहे. १९१७ मध्ये त्यांनी त्यावर निबंध छापला आणि नाव दिलं ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’, म्हणजे मेंदूला सूज येऊन सुस्ती आणणारा आजार. पुढच्या दहा वर्षांत ही साथ जगभर पसरली, लाखो लोकांना झाली. तिचं नक्की कारण आजही सापडलेलं नाही.

मुलांचे हाल तर वेगळेच. आजारातून उठलेली कितीतरी मुलं रात्रभर जागी आणि दिवसा पेंगुळलेली असत. आधी गुणी असलेलं लेकरू एकदम मारकुटं, चिडकं होई. शाळेत ती टिकत नसत. खोडकर, वाया गेलेली, असा शिक्का बसायचा, आणि दोष मात्र आतल्या मेंदूत झालेल्या इजेचा! वर्गात सारखं पेंगणारं पोर दिसलं की आपणही आधी आळशीच म्हणतो ना?

इकॉनोमोंचं खरं मोठं काम पुढे आहे. दगावलेल्या रोग्यांचे मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. ज्यांना सतत झोप यायची त्यांच्यात त्याच्या मागच्या बाजूला इजा होती. ज्यांची झोप उडाली होती त्यांच्यात पुढच्या बाजूला. म्हणजे जागं ठेवणारी जागा वेगळी आणि झोपवणारी वेगळी. तोवर अनेकांची समजूत अशी, की मेंदू थकला, बाहेरून काही येईनासं झालं की झोप आपोआप लागते. झोप ही मेंदू स्वतः घडवून आणतो, हे त्यांनी रोग्यांच्या मेंदूवरून दाखवलं. तेही मेंदूचे फोटो काढणारी आजची यंत्रं नसताना, बरं का!

१९२५ मध्ये कोस्किनास यांच्यासोबत त्यांनी मेंदूच्या पेशींच्या रचनेचा प्रचंड नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. मेंदूतल्या एका प्रकारच्या लांबोळ्या पेशींना आज त्यांचंच नाव आहे.

२१ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या अवघ्या ५५ व्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. त्यानंतर जवळजवळ ६५ वर्षांनी, १९९० च्या दशकात, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात झोप आणणाऱ्या पेशी सापडल्या. १९९८ मध्ये याच हायपोथॅलॅमसमध्ये तयार होणारं, जागं ठेवणारं ओरेक्सिन हे रसायनही सापडलं. ते कमी पडलं की दिवसा अचानक झोपेचे झटके येतात. त्या आजाराला नार्कोलेप्सी म्हणतात, आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा शाळेच्या वयातच होते.