संत गोन्सालो गार्सिया : वसईचा दुभाषी

वसई म्हटली की आपणां मराठी माणसांना चिमाजी अप्पा आणि १७३९ सालचा रणसंग्राम आठवतो. त्याच वसईत, त्यापूर्वी सुमारे १८० वर्षे, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत जन्मास आला, हे मात्र आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसते.

गोन्सालो गार्सियाचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमाराचा. पिता पोर्तुगीज, माता याच मातीतली. येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली शिकून, मिसरूड फुटते न फुटते तोच तो त्यांच्यासमवेत जपानला गेला. तेथील भाषा त्याने अशी आत्मसात केली की धर्मशिक्षणाच्या कामी तो त्यांचा उजवा हात बनला. परंतु संघात प्रवेश मिळण्याची त्याची आस सफल झाली नाही. खिन्न होऊन तो व्यापारात शिरला. व्यापार भरभराटला, मन मात्र रमेना. अखेर फिलिपाइन्समधील मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यास साधा बंधू म्हणून स्वीकारले. धर्मगुरूची दीक्षा त्यास कधीच मिळाली नाही.

१५९३ साली मनिलाच्या गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे पेद्रो बाप्तिस्ता यांचे शिष्टमंडळ धाडले. त्यात गोन्सालो दुभाषी होता. शिष्टाई सफल झाली; मठ व रुग्णालये उभी राहिली. परंतु १५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याशी फुटले. धर्मप्रसारकांमागून स्पेनचे सैन्य येते, असा संशय बळावला आणि धरपकड सुरू झाली.

सव्वीस जणांना पकडून, त्यांतील बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा छाटून, ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेण्यात आले. त्यांत वीस जपानी होते. सर्वांत लहान मुलगा अवघा बारा वर्षांचा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता. १६२७ साली त्यास धन्य म्हणून, तर ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत म्हणून घोषित केले.

५ फेब्रुवारी हा पूर्वापार संत अगाथा हिचा सणदिवस. म्हणून जागतिक धर्मपंचांगात या हुतात्म्यांचे स्मरण ६ फेब्रुवारीस, पॉल मिकी व त्यांचे सोबती या नावाने होते. त्या सोबत्यांत आपला गोन्सालोही आहे. वसईकरांनी मात्र त्याचे नाव वेगळे जपले आहे. गास गावचे चर्च आणि वसईतील महाविद्यालय त्याच्या नावाने उभे आहे.

खारुन नदीकाठच्या आमच्या कुम्हारीत मुले घरी मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी बोलतात. आम्हांस वाटते, परक्या मुलखात दोन माणसांमधला शब्द सांभाळणे हे हलके काम नव्हे. गोन्सालोला ना दीक्षा मिळाली, ना अधिकार. त्याच्यापाशी होती ती परक्यांची भाषा आणि त्यांच्याविषयीचा जिव्हाळा. संकट आले तेव्हा त्याने त्यांची साथ सोडली नाही. धर्म कोणताही असो, घरापासून दूर राहणाऱ्या आपण मराठी कुटुंबांनी येत्या ६ फेब्रुवारीस या वसईकराचे स्मरण अवश्य करावे.