योगिराज चांगदेव : चौदाशे वर्षांचा शिष्य

महाशिवरात्र हे योग्यांचे पर्व होय. नाथपंथ आपली गुरुपरंपरा आदिनाथ शंकरापासून मोजतो, आणि म्हणून आजच्या दिवशी योगमार्गातील एखाद्या थोर पुरुषाचे स्मरण करणे उचितच ठरते. जळगाव जिल्ह्यात तापी व पूर्णा यांच्या संगमावर वसलेल्या चांगदेव या गावी आणि जवळच मुक्ताईनगर परिसरात आज मोठी यात्रा भरते. ज्या योग्याच्या नावाने ते गाव ओळखले जाते, त्याची समाधी मात्र तेथून पुष्कळ दूर, गोदावरीच्या तीरावर पुणतांब्यास आहे. तपश्चर्या तापीकाठी आणि विसावा गोदाकाठी, असे हे चरित्र आहे. या दोन काठांच्या मधे जे घडले, त्याकडे आज वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते.

पुणतांबे हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या (२०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) राहाता तालुक्यातील जुने क्षेत्र. दौंड-मनमाड लोहमार्गावर हे स्थानक लागते, आणि शिर्डीस जाणारा फाटा येथूनच फुटतो. त्यामुळे हजारो यात्रेकरू या गावाचे नाव फलाटावरील पाटीवर वाचतात आणि पुढे निघून जातात. जो खाली उतरून नदीकडे वळतो, त्याला देवळांची दाटी आणि एकामागून एक घाट दिसतात. त्यांतील एक थोरला घाट अहिल्यादेवी होळकरांनी बांधविलेला, आणि दुसरा शिवराम धुमाळ यांचा. येथील मुख्य देवस्थान म्हणजे चांगदेवांचे समाधिमंदिर.

चांगदेवांचे आराध्य वटेश्वर, आणि म्हणून ते चांगा वटेश्वर या नावानेही ओळखले जातात. संतचरित्रे सांगतात की त्यांचे वय चौदाशे वर्षांचे होते. दर शंभर वर्षांनी काळ दारात येऊन उभा राही, आणि त्याची चाहूल लागताच योगिराज आपले प्राण ब्रह्मरंध्री चढवून समाधी लावीत. घर रिकामे पाहून काळ परत जाई. असे चौदा वेळा झाले म्हणतात. ब्रिटिश अमदानीतल्या एका गॅझेटिअरमध्ये मात्र हाच आकडा शिष्यांचा म्हणून नोंदलेला आढळतो. वर्षे खरी की शिष्य खरे, हा वाद आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पुढील सारी कथा ज्यावर उभी आहे ती गोष्ट एकच : हा पुरुष वयाने, सामर्थ्याने आणि शिष्यसंख्येने इतका मोठा झाला होता की त्याला कोणापुढे वाकण्याचे कारणच उरले नव्हते.

मृत्यूला फसविण्याची ही आकांक्षा केवळ आपल्याकडची नव्हे. चीनमध्ये ताओमार्गी लोकांनी हिचा जितका पाठपुरावा केला तितका क्वचितच कोणी केला असेल. तेथेही एक चांगदेव आहे : पेंग त्सू नावाचा, सात-आठ शतके जगलेला म्हणून ख्याती पावलेला पुरुष. इसवी सनाच्या चौथ्या शतकात गे होंग या पंडिताने अमरत्वाच्या रसायनांवर मोठा ग्रंथ लिहिला. हिंगूळ, पारा, सोने यांच्या पुटांतून दिव्य शरीर सिद्ध होईल अशी ती विद्या. तिच्या पायी थांग घराण्यातले काही सम्राट नवव्या शतकात विषबाधेने मेले, हा इतिहास आहे. पुढे या भट्टीचा मोह ओसरला आणि देहच भट्टी मानला जाऊ लागला. श्वास, वीर्य आणि चित्त या तिहींना आतल्या आत शिजवून त्यांतून अमर गर्भ घडवावयाचा, अशी साधना रूढ झाली.

वाचकांस हे वर्णन ओळखीचे वाटेल. नाथपंथी योगातही मस्तकातील चंद्रातून अमृत झरते आणि नाभिस्थानीचा सूर्य ते जाळून टाकतो. त्या झऱ्याला मुद्रा-बंधांनी अडविले की देहाची झीज थांबते. या हठयोगाच्या मुद्रा सांगणारा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ म्हणजे अमृतसिद्धी. तो वज्रयानी बौद्धांच्या परिवारात तयार झाला, असे अलीकडच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे, आणि त्याची एक पोथी संस्कृत व तिबेटी अशा दोन्ही भाषांत आहे. बौद्धांच्या चौऱ्याऐंशी सिद्धांच्या यादीत मीननाथ व गोरक्ष यांचीही नावे आहेत. म्हणजे ज्या योगाच्या बळावर चांगदेवांनी काळाला परतविले, तो कोणा एकाच पंथाच्या मालकीचा नव्हता. गोदावरीच्याच वरच्या अंगाला पाहा : त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांस उपदेश केला असे परंपरा सांगते, आणि तेथून फार दूर नाही ती नाशिकची त्रिरश्मी लेणी, जेथे बौद्ध भिक्षू शतकानुशतके ध्यानास बसले.

तथापि साधन एक असले म्हणून साध्यही एक असते असे नाही, आणि या तिन्ही मार्गांतील शहाण्यांनी आपापल्या सिद्धांना वेळोवेळी जागेवर आणले आहे. विनयपिटकातली कथा अशी : राजगृहाच्या एका धनिकाने चंदनाचे भिक्षापात्र उंच वेळूवर टांगले आणि जो कोणी ऋद्धिबलाने ते काढील त्याने घ्यावे असे जाहीर केले. पिंडोल भारद्वाज नावाचा भिक्षू आकाशात उडून ते घेऊन आला. बुद्धांनी त्याला शाबासकी दिली नाही. ते पात्र फोडून त्याचा चुरा करविला आणि गृहस्थांपुढे चमत्कार करू नयेत असा नियम घालून दिला. पुढे वैशालीस त्यांनी आनंदाला सुचविले होते की ऋद्धिपाद साधलेला पुरुष इच्छील तर कल्पभर राहू शकेल. आनंदाला ते वेळीच उमगले नाही, आणि ऐंशी वर्षांचे झालेले बुद्ध निघून गेले. सामर्थ्य असूनही देह टिकविला नाही, ही गोष्ट बौद्ध परंपरेने जपून ठेवली आहे. आपल्याकडे पतंजलींनीही सिद्धींना समाधीच्या वाटेवरचे अडथळेच म्हटले आहे. आणि ताओमार्गाचा प्राचीन आचार्य च्वांग त्सू याने तर त्या पेंग त्सूच्या दीर्घायुष्याची थट्टाच केली. त्याच्या मते बालपणी मेलेल्या मुलाचे आयुष्य आणि पेंग त्सूचे आयुष्य यांत लांब-आखूड ठरविणारी पट्टीच मुळात खोटी आहे.

चांगदेवांना ही गोष्ट ग्रंथांतून उमगली नाही. ती त्यांना एका कागदाने शिकविली.

आळंदीच्या चार भावंडांची कीर्ती तापीकाठी पोहोचली तेव्हा त्यांनी ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास घेतले आणि पहिल्याच शब्दाशी अडले. चिरंजीव लिहावे तर ज्ञानाने तो मुलगा मोठा. तीर्थरूप लिहावे तर वयाने तो नातवाच्या नातवाहून लहान. लेखणी पुढे सरेना. अखेर त्यांनी कोराच कागद शिष्याहाती धाडला. तो पाहून मुक्ताबाई हसली. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असा तिचा अभिप्राय. निवृत्तिनाथांनी त्याच कोरेपणाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. पाटी स्वच्छ आहे, तिच्यावर लिहिता येईल, असे जाणून त्यांनी ज्ञानेश्वरांना उत्तर लिहावयास सांगितले. ते उत्तर म्हणजेच पासष्ट ओव्यांची चांगदेवपासष्टी.

येथे क्षणभर थांबावे. कोऱ्या कागदाकडे पाहून तिन्ही परंपरा तीन गोष्टी बोलल्या असत्या. ताओमार्गी माणूस आनंदला असता. मडक्याचा उपयोग त्याच्या पोकळीत आणि चाकाचा त्याच्या मधल्या छिद्रात आहे, ही लाओत्सेची शिकवण आहे, आणि त्याला तो कागद भरण्याची गरज भासली नसती. नागार्जुनाच्या वाटेने जाणारा बौद्ध म्हणाला असता की कागद कोरा आहेच, पण हे कोरेपण म्हणजे एखादी वस्तू आहे असे धरून बसू नका, कारण शून्यताही आपल्या पायावर उभी नाही. ज्ञानेश्वरांनी याहून वेगळे उत्तर दिले. त्यांच्या अमृतानुभवात शून्यवादाचा परामर्श आहे. सारेच शून्य म्हटले तर ते शून्य जाणणारा कोण, हा त्यांचा प्रश्न. पासष्टीतही तेच सूत्र आहे : पाहणारा, पाहण्याची वस्तू आणि पाहणे हे तीन वेगळे दिसतात ते एकाच चैतन्याचे स्फुरण होय. आरसा समोर नसला तरी मुख आपल्या ठायी असतेच. सोने दागिना होऊनही सोनेच राहते. म्हणून जगाला ते भ्रम म्हणून झटकून टाकीत नाहीत. बौद्धांना हा कायमचा साक्षी मान्य होणार नाही, आणि तो मतभेद खरा आहे. सर्व धर्म एकच सांगतात असे म्हणून तो बुजविणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मात्र चौदा शतके राखून ठेवलेला देह म्हणजे मी नव्हे, एवढ्या गोष्टीवर बुद्ध आणि ज्ञानदेव दोघेही चांगदेवांना एकाच बाजूने उत्तर देत होते.

ओव्यांनी योगिराजांचे समाधान झाले नाही. ते वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन, शिष्यांच्या दळभारासह आळंदीस निघाले. तेव्हा भावंडे भिंतीवर बसली होती, आणि ज्ञानेश्वरांनी ती भिंतच सामोरी चालविली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. बुद्धांच्या नियमात ही भिंत बसली नसती, हे मान्य केले पाहिजे. पण लोकांनी जतन केलेल्या या प्रसंगात एक बारकावा आहे. ज्याला जिवंत प्राणी वश होते त्याला निर्जीव माती चालताना दिसली, आणि तो वाघावरून खाली उतरला. चमत्कार भिंत चालण्यात आहे असे कीर्तनकार रंगवून सांगतात. आम्हांस तो त्या उतरण्यात दिसतो.

आणि उतरून त्यांनी गुरू कोणाला केले? ज्ञानेश्वरांना नव्हे, तर त्यांच्या धाकट्या बहिणीला, जिने त्यांना कोरा म्हटले होते तिलाच. परंपरेप्रमाणे मुक्ताबाईंचे सारे आयुष्य अठरा वर्षांचे. जटा वाढलेला, गादी असलेला, शिष्यांनी वेढलेला योगी एका मुलीपुढे शिष्य म्हणून बसतो, ही घटना त्या काळात किती अवघड असेल! बाराव्या शतकात चीनमध्ये वांग चोंगयांग या गुरूने ताओमार्गाचा एक नवा पंथ स्थापिला. आपल्या अनुयायांना त्याने ताओ ग्रंथाबरोबर बौद्धांचे हृदयसूत्रही वाचावयास लावले. त्याच्या सात थोर शिष्यांत सुन बुअर ही एकच स्त्री होती, आणि पुढे तिच्या नावाने स्त्रियांच्या साधनेची परंपरा चालली. त्याच सातांतील चिउ छूजी या वृद्धाला चंगीजखानाने अमरत्वाचे औषध मागण्यासाठी बोलावून घेतले. १२२२ साली हिंदुकुश पर्वताच्या परिसरात दोघांची भेट झाली. आयुष्य जपण्याचे उपाय आहेत, पण अमर करणारे औषध नाही, असे त्याने जगज्जेत्याच्या तोंडावर स्पष्ट सांगितले. चीनच्या या वृद्धाने सम्राटापुढे जे कबूल केले, ते तीन पिढ्यांच्या आत मराठी मुलखातल्या एका वृद्धाला एका मुलीपुढे कबूल करावे लागले.

१२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीनाची स्वारी देवगिरीवर आली. पुढल्या वर्षी तापीकाठी मुक्ताबाई विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या असे सांगतात. शिष्य मात्र मागे राहिला. ज्याने मृत्यूला इतक्या वेळा चुकविले, त्याच्याच वाट्याला आपल्या कोवळ्या गुरूचे जाणे पाहणे आले. चांगा वटेश्वराच्या नावावरचा तत्त्वसार हा ग्रंथ शके १२३४ मध्ये, म्हणजे १३१२ साली, याच जिल्ह्यातील हरिश्चंद्रगडावर पूर्ण झाला. यादवांचे राज्य त्या वेळी अखेरच्या घटका मोजत होते. शतकानुशतके लोकांच्या नजरेआड राहिलेला हा ग्रंथ विसाव्या शतकात पुन्हा प्रकाशात आला. तो मराठीत आणि ओवीत आहे. ज्याला एकदा मायन्यासाठी शब्द सापडला नव्हता, त्याने अखेर भावंडांच्याच भाषेत आणि त्यांच्याच छंदात ग्रंथ लिहिला.

मग पुणतांबे. काळ पुन्हा आला तेव्हा प्राण वर चढविण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. गोदावरीच्या काठी ते समाधिस्थ झाले. आज तापीवरील यात्रेत भाविक मुक्ताईचे दर्शन घेतात आणि संगमावरील चांगदेवांच्या पुरातन देवळातही जातात. गुरू आणि शिष्य यांची भेट तेथे दरवर्षी घडते. इकडे पुणतांब्याच्या मंदिरात समाधीपुढे दिवा लागतो. घाटाच्या पायऱ्यांखाली गोदावरी पैठणच्या दिशेने वाहत असते, आणि शिर्डीची गाडी स्थानकातून सुटल्याची शिटी येथपर्यंत ऐकू येते.