क्लाइव्ह मॅके

क्लाइव्ह मेन मॅके (२१ मार्च १८९८ – ८ जून १९६७) हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ व पोषणतज्ज्ञ होते. इतर अन्नघटक पुरेसे ठेवून केवळ उष्मांक कमी केल्यास उंदरांचे आयुष्य वाढू शकते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. प्रायोगिक वार्धक्यशास्त्राच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

शिक्षण व अध्यापन

मॅके यांचा जन्म इंडियाना राज्यातील विनामॅक येथे झाला. त्यांनी १९२५ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. त्यानंतर येल विद्यापीठात त्यांनी लाफायेट मेंडेल यांच्याबरोबर काम केले. वाढ खुंटवलेल्या उंदरांचे आयुष्य लांबते, असे मेंडेल व थॉमस ऑसबोर्न यांना १९१७ मध्येच आढळले होते. मॅके १९२७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात रुजू झाले आणि पुढे अनेक वर्षे तेथे पशुपोषण हा विषय शिकवत होते.

१९३५ चा प्रयोग

मेरी क्रोवेल व लिओनार्ड मेनार्ड यांच्यासह मॅके यांनी १०६ पांढऱ्या उंदरांचे तीन गट केले. एका गटाला हवे तेवढे अन्न मिळे. उरलेल्या दोन गटांना प्रथिने, क्षार व जीवनसत्त्वे पुरेशी मिळत. परंतु उष्मांक इतके कमी असत की त्यांची वाढ थांबून राही. पोटभर खाणारे नर सरासरी सुमारे ४८० दिवस जगले, तर वाढ रोखलेले नर ८०० हून अधिक दिवस जगले. माद्यांमध्ये मात्र असा ठळक फरक दिसला नाही.

मॅके यांनी केवळ आयुष्याचे दिवस मोजले नाहीत. वाढ रोखलेल्या उंदरांची लव दीर्घकाळ मऊ राहिली. परंतु त्यांची हाडे इतकी ठिसूळ झाली होती की शवविच्छेदनात ती अनेकदा चुरडत. पुढे भरपूर अन्न मिळूनही हे उंदीर पूर्ण आकाराचे झाले नाहीत. आयुष्य लांबणे आणि शरीर सर्वांगाने सुदृढ राहणे या दोन गोष्टी एकच नाहीत, हे या नोंदींतून स्पष्ट होते.

इतर कार्य

१९५० च्या दशकात मॅके यांनी वृद्ध व तरुण उंदरांची शरीरे शस्त्रक्रियेने जोडून त्यांचे रक्ताभिसरण एकत्र केले. अशा ६९ जोड्यांपैकी ११ जोड्यांमध्ये जोडणीमुळेच उद्भवणाऱ्या विकाराने मृत्यू ओढवला. मनोरुग्णालयांतील रुग्णांसाठी त्यांनी सोयाबीनचे पीठ, दूधभुकटी व गव्हाचे अंकुर घालून पौष्टिक पाव तयार केला. तो 'कॉर्नेल ब्रेड' या नावाने ओळखला जातो. शीतपेयांतील आम्लामुळे दातांची झीज होते, याविषयी त्यांनी १९५० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली.

वारसा

मॅके यांच्या काळात वृद्ध प्राण्याचे दौर्बल्य मोजण्याची सर्वमान्य मोजपट्टी नव्हती. कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मूषकांसाठी ३१ लक्षणांचा दौर्बल्य निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात लवेची स्थिती, पाठीचा बाक, चाल, कंप, मोतीबिंदू इत्यादी लक्षणे तपासून प्रत्येकास ०, ०.५ किंवा १ गुण देतात. एकूण गुणांना लक्षणांच्या संख्येने भागले की निर्देशांक मिळतो. यासाठी प्राण्याला मारावे लागत नाही. त्यामुळे एकाच प्राण्याची तपासणी पुनःपुन्हा करून वाढलेले आयुष्य निरोगी आहे की दुर्बल, हे पाहता येते. मॅके यांना हाडांची स्थिती मात्र प्राण्याच्या मृत्यूनंतरच कळू शकली होती.