संयमाची वाट चाललेला शांतिदूत : कार्डिनल अगोस्तिनो कासारोली



श्रद्धेसाठी रक्त सांडलेल्या रक्तसाक्षींना आपण मोठ्या आदराने स्मरतो. परंतु ज्यांनी रक्त सांडले नाही, तर वर्षानुवर्षे विरोधकांसमोर शांतपणे बसून, अपमान गिळून, ख्रिस्तसभेसाठी थोडी थोडी जागा मिळवली, त्यांची आठवण आपल्याला क्वचितच होते. आज आपण अशाच एका धर्मगुरूची ओळख करून घेऊ या. त्यांचे नाव कार्डिनल अगोस्तिनो कासारोली.

त्यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९१४ रोजी उत्तर इटलीतील पियाचेन्झाजवळच्या कास्तेल सान जोव्हान्नी या गावी झाला. वडील शिंपीकाम करीत. २७ मे १९३७ रोजी अगोस्तिनो यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढील शिक्षणासाठी ते रोमला गेले आणि १९४० साली व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयात कामाला लागले. देह किरकोळ, स्वभाव मितभाषी. फायलींच्या ढिगाऱ्यात बसणारा हा तरुण धर्मगुरू पुढे जगातील बड्या सत्ताधीशांशी बोलणी करील, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातील देश कम्युनिस्ट राजवटीखाली गेले. तेथे बिशपांना अटक झाली, धर्मसंघ बंद पडले, शाळा सरकारजमा झाल्या. हंगेरीचे कार्डिनल मिंडसेंटी यांना १९४९ साली जन्मठेपेची शिक्षा झाली. १९५६ च्या उठावात ते सुटले, पण उठाव चिरडला गेला तेव्हा त्यांना बुडापेस्टमधील अमेरिकन वकिलातीत आश्रय घ्यावा लागला. अनेक धर्मप्रांतांना बिशपच उरले नव्हते. बिशप नाहीत म्हणजे नव्या धर्मगुरूंना दीक्षा नाही, आणि धर्मगुरू नाहीत म्हणजे पवित्र मिस्सा नाही. श्रद्धावंतांच्या दारापर्यंत येऊन पोहोचलेले हे संकट होते.

१९६३ साली पोप जॉन तेविसावे यांनी कासारोली यांना बुडापेस्ट आणि प्राग येथे पाठवले. बुडापेस्टमध्ये ते कार्डिनल मिंडसेंटी यांना भेटले आणि सरकारी अधिकाऱ्यांसमोरही बसले. त्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्यांचे हेच काम झाले. १५ सप्टेंबर १९६४ रोजी हंगेरीशी मर्यादित स्वरूपाचा करार झाला आणि रिकाम्या पडलेल्या काही धर्मप्रांतांना बिशप मिळाले. १९६६ साली युगोस्लाव्हियाशी समझोता झाला. १९६७ साली पोप पॉल सहावे यांनी कासारोली यांना महागुरुस्वामी केले. १९७१ साली अण्वस्त्रप्रसारबंदी करारात व्हॅटिकन सामील झाले, तेव्हा त्याची कागदपत्रे सादर करण्यासाठी ते मॉस्कोला गेले.

ही वाट सर्वांना पटत होती असे नाही. ज्यांनी तुरुंगवास भोगला, त्यांना छळ करणाऱ्यांशी हस्तांदोलन पाहवत नव्हते. मिंडसेंटी यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये पोपमहोदयांच्या इच्छेला मान देऊन जड अंतःकरणाने मायदेश सोडला. १९७४ च्या सुरुवातीस त्यांचे महागुरुपद रिक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्या वृद्ध कार्डिनलच्या मनाला झालेली जखम खरी होती, हे आपण मान्य केले पाहिजे. मिळाले थोडे आणि दिले फार, असा आरोप कासारोली यांच्यावर झाला. त्यांनी तो सोसला. मात्र श्रद्धावंतांना पवित्र संस्कारांवाचून ठेवायचे नाही, हे त्यांनी कधी नजरेआड होऊ दिले नाही. त्यांच्या आठवणींचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर २००० साली प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा अर्थ आहे ‘संयमाचे हौतात्म्य’. त्यांचे सारे जीवन त्या दोन शब्दांत सामावले आहे.

१ ऑगस्ट १९७५ रोजी हेलसिंकी येथे पस्तीस राष्ट्रांनी युरोपातील सुरक्षा आणि सहकार्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. व्हॅटिकनच्या वतीने कासारोली यांनी सही केली. विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य त्या दस्तऐवजात स्पष्ट शब्दांत आले. अनेकांना तो नुसता कागद वाटला. पण दोनच वर्षांनी चेकोस्लोव्हाकियातील नागरिकांनी त्याच कागदाचा आधार घेऊन आपल्या सरकारला जाब विचारला.

१९७८ साली पोलंडचे कार्डिनल वोयतिला पोप झाले. कम्युनिस्ट राजवट स्वतः अनुभवलेले पोप जॉन पॉल दुसरे आता कासारोलींना बाजूला करतील, असे अनेकांना वाटले. घडले उलटेच. १९७९ साली पोपमहोदयांनी त्यांना कार्डिनल केले आणि राज्य सचिवपद त्यांच्याकडे सोपवले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या बीगल सामुद्रधुनीतील बेटांवरून अर्जेंटिना आणि चिली ही दोन कॅथलिक राष्ट्रे १९७८ साली युद्धाच्या उंबरठ्यावर उभी होती. कार्डिनल समोरे यांनी त्यांना बोलणीसाठी एकत्र आणले. १९८३ साली समोरे यांचे निधन झाले, तरी मध्यस्थी थांबली नाही. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये कार्डिनल कासारोली यांच्या उपस्थितीत शांतता करारावर सह्या झाल्या. हजारो तरुण सैनिक आपल्या आईबापांकडे जिवंत राहिले.

जून १९८८ मध्ये रशियाच्या भूमीवरील ख्रिस्ती श्रद्धेच्या सहस्राब्दी सोहळ्यासाठी ते मॉस्कोला गेले आणि क्रेमलिनमध्ये गोर्बाचेव्ह यांना त्यांनी पोपमहोदयांचे पत्र दिले. १ डिसेंबर १९८९ रोजी गोर्बाचेव्ह स्वतः व्हॅटिकनमध्ये आले. त्याच्या काही दिवस आधीच बर्लिनची भिंत कोसळली होती. बरोबर एका वर्षाने, १ डिसेंबर १९९० रोजी, कासारोली पदावरून निवृत्त झाले.

या मुत्सद्दी कार्डिनलची दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक आहे. तरुणपणापासून ते रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जात. पदे वाढली, जबाबदाऱ्या वाढल्या, तरी त्या मुलांची भेट चुकली नाही. मुलांसाठी ते कार्डिनल नव्हते, साधे ‘दोन अगोस्तिनो’ होते, म्हणजे फादर अगोस्तिनो. पोप जॉन तेविसावे यांच्या अखेरच्या दिवसांतील एका भेटीत राजकारणाचे बोलणे आटोपल्यावर पोपमहोदयांनी त्यांना विचारले, त्या मुलांकडे अजून जाता ना? होकार मिळताच त्यांना कधी सोडू नका, असे सांगितले. कासारोली यांनी तो शब्द पाळला. ९ जून १९९८ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे रोममध्ये निधन झाले. ते ज्या कासाल देल मार्मो येथील बालतुरुंगात जात असत, तेथेच पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पवित्र गुरुवारी बंदिवान मुलांचे पाय धुतले.

बंधुभगिनींनो, क्रेमलिनमधील सत्ताधीश आणि कोठडीतील मुलगा, या दोघांसमोर हा माणूस एकाच धीराने बसला. आपल्या गावात बांधावरून, वाटणीवरून, एखाद्या जुन्या शब्दावरून भावाभावांत अबोला असतो. एकाच मिस्साला येऊनही आपण एकमेकांकडे पाहत नाही. पहिले पाऊल टाकले तर लोक आपल्याला कमकुवत म्हणतील, ही भीती आपल्याला अडवते. कासारोलींनाही लोक तसेच म्हणाले होते. या रविवारी शांतीचे चिन्ह देताना आपला हात कोणापर्यंत पोहोचत नाही, याचा आपण विचार करू या, आणि मिस्सा संपल्यावर त्या घराची पायरी चढू या. प्रभू येशू आपल्याला ते बळ देवो.